ठप्पा

फ्रान्सहून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी मायनं माझा पासपोर्ट मागितला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जरा जास्तच स्वच्छ दिसतं. ओसरीवरच्या उन्हात बसून, अंगठ्याला थुंकी लावत तिनं एकेक पान उलटलं. व्हिसावरचा माझा फोटो पाहून "तोंड कायले असं करून ठेवलं?" म्हणाली, आणि मग ठप्प्यांपाशी थांबली. दोनच होते. एक सरळ कोपऱ्यांचा, पोचल्याचा. दुसरा गोलसर कोपऱ्यांचा, निघाल्याचा. दोन्हींत ताऱ्यांच्या कड्यात एकच अक्षर, एफ. मायला इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षराला अक्षर जुळवता येतं. संत्र्याच्या पेट्यांवरच्या व्यापाऱ्यांच्या खुणा तिनं आयुष्यभर अशाच ओळखल्या आहेत. "हे दोनी एकाच गावचे हायेत," ती म्हणाली. "तू तं दोन देश पायले म्हनत होता. दुसऱ्याचा ठप्पा कुठी हाय?"

मी सांगितलं, तिथं ठप्पा मारत नाहीत. पोरीच्या गाडीनं सकाळी इटलीत गेलो, संध्याकाळी परत आलो.

"कोनी इचारलंच नाई?"

"नाई."

"काऊन?"

या 'काऊन'ला मी बरंच लांब उत्तर दिलं. लक्झेंबर्गमधलं शेंगेन नावाचं खेडं, १९८५ साली मोझेल नदीतल्या बोटीवर बसून पाच देशांनी केलेल्या सह्या, मग हळूहळू उठलेले नाके. पोरीनं मला जे जे सांगितलं होतं ते सगळं. मायनं ऐकून घेतलं आणि पासपोर्ट परत दिला, निवडलेल्या तुरीच्या शेंगांतून किडकी शेंग बाजूला ठेवावी तसा. तिला ते खोटं वाटलं असं नाही. अपुरं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही.

बॉर्डर हा शब्द आमच्या वरुड तालुक्यात गेली काही वर्षं रोजचा झालाय. ही बॉर्डर सैनिकांची नाही, संत्र्यांची. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराचा माल रंगावर आला की व्यापारी बागेत येतो, दोन-चार झाडांखाली उभा राहून वर पाहतो, एक फळ तोडून सोलतो, अर्धं खातो, उरलेलं फेकतो आणि म्हणतो, "माल झकास हाय काका, पन बॉर्डर टाइट हाय." की झालं. बांगलादेशानं २०१९ मध्ये आपल्या संत्र्यावर किलोला २० रुपये आयात शुल्क लावलं होतं, ते चढत चढत २०२३ च्या हंगामात ८८ रुपयांवर गेलं. किलोभर संत्र्याचे मला बागेत जे मिळतात त्याच्या कितीतरी पट फक्त ती रेघ ओलांडण्याचे. त्या हंगामात आमची चुरी, म्हणजे बारीक फळं, कोणी फुकट उचलेना. पेट्रापोल आणि बेनापोल ही बांगलादेशाच्या सीमेवरची दोन गावं मी कधी पाहिलेली नाहीत, पण पारावर त्यांची नावं अशी घेतली जातात जशी सासरच्या माणसांची घ्यावीत. माझ्या डोळ्यांसमोर बॉर्डर म्हणजे एक भलंमोठं लोखंडी फाटक होतं. अलीकडे ट्रक, पलीकडे रिकामी टोपली घेऊन उभी असलेली माणसं.

तसं पाहिलं तर आम्ही सीमेवरचेच लोक. सालबर्डीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत बाबा मला एका जागी उभं करून सांगायचे, "हा पाय महाराष्ट्रात, हा मध्य प्रदेशात." मी दोन्ही पायांकडे पाहायचो. धूळ सारखीच. माझी सासुरवाडी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून माणसं एकमेकांना दगड मारतात, त्या गोटमारीच्या गावची. दोन्ही काठांवर आपलीच बोली, आपलेच सोयरे. आमची वरात परतताना मेटॅडोर नाक्यावर थांबवला होता, आणि नवरीला खाली न उतरवण्याचे चहापाण्याचे पैसे मामांनी दिले होते ते अजून काढून दाखवतात. वर्धा जिल्ह्यातले काही रसिक संध्याकाळी नदी ओलांडून आमच्या अमरावती जिल्ह्यात का येतात, हे कोणी सांगायची गरज नाही. वर्धा नदी एकेकाळी निजामाच्या वऱ्हाडाची आणि भोसल्यांच्या नागपूरची सीमा होती. आता ओल्या-कोरड्याची आहे.

तर फेब्रुवारीत जायचं ठरलं. पोरगी नीसजवळच्या सोफिया अँटिपोलिसमध्ये नोकरीला आहे, तीन वर्षांपासून बोलावत होती. मी टाळत होतो, कारण फेब्रुवारीत आंबिया फुटलेला असतो आणि मृगाचा माल तोडणीला असतो. बाग सोडून जाणं म्हणजे बाळंतिणीला एकटं टाकून जाणं. शेवटी धाकटा भाऊ म्हणाला, "जाय ना बाप्पा, तू नसला म्हनून फुल गळत नाई." मायनं मृगाची बारा फळं निवडून, देठ-पान ठेवून, पिशवीत बांधली. पोरीनं फोनवर हात जोडले. तिकडं बाहेरून फळ न्यायचं तर रोग-किडीचा सरकारी दाखला लागतो, २०१९ च्या डिसेंबरपासून. फक्त पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. म्हणजे जळगावचा माणूस फणी घेऊन खुशाल पोचला असता! बरं, संत्र्याची बर्फी नेऊ म्हटलं तर तिच्यात दूध, तेही चालत नाही. बारा संत्री नागपूरच्या विमानतळाबाहेर सोडायला आलेल्या भाच्याच्या हाती दिली. त्यानं तिथंच एक सोललं. वास आत काचेपर्यंत आला.

नीसहून इटलीच्या सीमेजवळच्या मेंतोंला जायला तीन रस्ते आहेत, डोंगराच्या अंगावर एकावर एक, उतरंडीसारखे. खालचा समुद्राला चिकटून, मधला कड्याच्या कमरेवर, वरचा माथ्यावरून. वरचा नेपोलियननं करवला, तोही जुन्या रोमन वाटेच्या मागानं. जाताना खालून जाऊ आणि येताना वरून, असं पोरीनं ठरवलं होतं. तिकडं स्टिअरिंग डाव्या हाताला, गाड्या उजवीकडून. त्यामुळं मी बसलो होतो ती जागा थेट समुद्रावर. ट्रॅक्टर चालवून आयुष्य गेलेल्या माणसाचा पाय रिकामा राहत नाही. प्रत्येक वळणाला मी पायाखालची चटई दाबत होतो. पोरगी हसून म्हणाली, "बाबा, तुमच्याकडं ब्रेक नाही." मला ते लागलं की बरं वाटलं, अजून ठरलेलं नाही. जिला सायकल शिकवताना कॅरिअर धरून धावलो, ती मला एका हातानं कड्यावरून नेत होती.

व्हिलफ्रांशचं आखात आलं आणि मी पाय दाबायचा विसरलो. समुद्र आम्हा विदर्भातल्या माणसांना कायम दुसऱ्यांचाच. मुंबईला गेलं की पाहायचा, कोकणातल्या पाहुण्यांकडून ऐकायचा. हा पाहिला आणि पहिल्यांदा वाटलं की याचा रंग मला ओळखीचा आहे. मोरचूद. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी: बोर्डो मलम. दरवर्षी संत्र्याच्या बुंध्याला कमरेपर्यंत फासतो, डिंक्या येऊ नये म्हणून. चुना टाकण्याआधी बादलीत मोरचूद विरघळतो तेव्हाचा जो निळा, तो हा निळा. बोर्डो हे फ्रान्समधल्या गावाचं नाव आहे आणि तिथल्या द्राक्षबागांतून हे औषध निघालं, हे मला पन्नाशी उलटल्यावर, त्या गाडीत बसून कळलं. मी ते नाव एखाद्या कंपनीचं समजत होतो.

सौभाग्यवती मागच्या सीटवर डोळे मिटून. तिला चिखलदऱ्याचा घाटसुद्धा बाधतो, इथं तर वळणाला वळण लागून होतं. तिनं आदल्याच दिवशी बाजारातून घेतलेलं मेंतोंचं लिंबू नाकाशी धरलं होतं. देठाला दोन पानं असलेलं, लांबट, जाड सालीचं. मळमळीवर लिंबू हुंगायचं, हे शास्त्र तिनं सात समुद्रांपलीकडंही सोडलं नाही. मोनॅको आलं कधी आणि गेलं कधी ते कळलं नाही, दोन चौरस किलोमीटरचा देश, आमच्या दोन-तीन मळ्यांएवढा म्हणालो तर पोरगी म्हणाली, "बाबा, जरा जास्त." तो एक देश धरला तर आम्ही तीन पाहिले, पण मायला ते सांगितलं नाही. पुढं रोकब्रूनला पोरीनं खाली झाडीकडं बोट केलं. चंदीगड ज्यानं आखलं त्या ल कॉर्ब्युझिएची खोली तिथं आहे, चारी बाजूंनी ३.६६ मीटर, बस्स. १९६५ साली त्याच समुद्रात पोहताना तो गेला. खोली आमच्या जागलीच्या खोपडीपेक्षा जरा मोठी. अख्खं शहर आखलेल्या माणसाला तेवढं पुरत होतं, हे ऐकून सौभाग्यवतीनं एक डोळा उघडला आणि मिटला. घराला दुसरा मजला चढवायचा विषय आमच्यात तेव्हा चालू होता.

मेंतोंत मात्र मी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेनं, दुकानांसमोर, बसथांब्याशेजारी, संत्र्याची झाडं. फळांनी लगडलेली, खाली पडलेली, कोणी हात लावत नाही. मी एक पान तोडलं. देठाला दोन्ही बाजूंनी रुंद पंख होते, म्हणजे आपलं नव्हे, कडू संत्रं. चोळून हुंगलं आणि मी शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेत उभा होतो. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरणारे हात, पट्टीचा ताण, ओली माती. आमचं संत्रं जंबेरीच्या पायांवर उभं असतं, म्हणजे एका परीनं लिंबाच्याच. हे मी तिथं उभ्या उभ्या पोरीला सांगू लागलो. तिनं लहानपणी शंभरदा ऐकलेलं. तरी तिनं ऐकलं. या गावाच्या लिंबाला २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या संत्र्याला २०१४ मध्ये. आम्ही एका वर्षानं मोठे. पण डोंगरावर दगडी बांध घातलेल्या पायऱ्यांवर पूर्वी जिथं लिंबांच्याच बागा होत्या तिथं आता बंगले आहेत. थंडीच्या कडाक्यानं आणि एका बुरशीनं झाडं गेली, उरलेलं काम जमिनीच्या भावानं केलं. दर फेब्रुवारीत इथं लिंबांचा उत्सव भरतो. लिंबू-संत्र्यांचे दोन माणसं उंच हत्ती, किल्ले, राजवाडे, एकेक फळ रबरानं बांधलेलं. आणि ती फळं येतात कुठून? स्पेनमधून. गावच्या लिंबांत तो उत्सव भागत नाही. मी त्या हत्तीसमोर उभा राहून मनात पेट्या मोजत होतो. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्याकडं बोअर हजार फुटांवर गेले, बागाच्या बागा वाळल्या आणि जळणासाठी तोडल्या गेल्या. तेव्हा ट्रॅक्टरवर रचलेली संत्र्याची लाकडं अशीच उंच दिसायची.

मेंतों हे गाव पूर्वी मोनॅकोच्या राजाचं. १८४८ मध्ये त्यांनी त्याला झुगारलं, आणि १८६१ मध्ये राजानं चाळीस लाख फ्रँक घेऊन ते फ्रान्सला लिहून दिलं. गहाणखताची गोष्ट वाटते. आमचा वऱ्हाडही १८५३ मध्ये निजामानं फौजेच्या थकबाकीपायी इंग्रजांच्या हाती ठेवला होता. गावं हलत नाहीत, त्यांचा सातबारा हलतो.

मेंतोंच्या पुढं रस्ता वळतो आणि कडा एकदम लालसर होतो. पोरगी म्हणाली, "आता आली बॉर्डर." मी शर्टाच्या खिशातून पासपोर्ट काढला, रबर सोडलं, फोटोचं पान उघडून मांडीवर धरलं. सौभाग्यवतीचाही मागून घेतला. केस नीट केले. हसू नका. छपन्न वर्षांत मी पहिल्यांदा बॉर्डर पाहणार होतो, जिनं माझ्या किलोमागं ८८ रुपये मागितले होते तिची लांबची बहीण. मला वाटलं, कोणीतरी काचेवर टकटक करील, मला विचारील, कुठून आलास, काय करतोस, आणि मी सांगीन. काय सांगीन तेही मनात तयार होतं. रस्ता एका छोट्या पुलावरून गेला. उजव्या हाताला खडक आणि पाणी, डाव्या हाताला जुनी जकातीची बंद इमारत, निळी पाटी, पिवळ्या ताऱ्यांचं कडं, मधोमध इटलीचं नाव. गाडीचा वेग कमीसुद्धा झाला नाही.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

मी पासपोर्ट तसाच उघडा धरून बसलो, लग्नाला आहेराचं पाकीट घेऊन गेलो आणि मांडवच उठलेला, तसा. आणि मग माझं लक्ष मागं गेलं. सौभाग्यवतीच्या हातात ते लिंबू होतं. पानांसकट. दाखला नाही, शुल्क नाही, ते फळ एका देशातून दुसऱ्या देशात डोळे मिटलेल्या बाईच्या नाकाशी बसून गेलं होतं. मला त्या लिंबाचा हेवा वाटला. माणसाला लिंबाचा हेवा वाटावा अशी वेळ फार क्वचित येते.

इटलीतलं पहिलं गाव व्हेंतिमिल्या. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी तिथं मोठा बाजार भरतो. फ्रान्समधली माणसं पिशव्या घेऊन पलीकडच्या देशात बाजाराला येतात. इथं मी एकदम घरी होतो. ताडपत्र्या, ओरडणं, भाव करणाऱ्या म्हाताऱ्या, चीजच्या चाकाला टिचकी मारून पाहणारे. मी दोन संत्री हातात घेऊन वजन पाहिलं. विक्रेत्यानं सोलून फोड दिली. गोड होती. आपल्या फोडीला जी मागून येणारी आंबट धार असते ती नव्हती. मी तोंड वाकडं केलं नाही, पण त्यानं ओळखलं बहुतेक. दुसरी फोड दिली नाही.

परतताना मात्र रांग होती. पाच-सहा गाड्या, हळूहळू सरकणाऱ्या. २०१५ पासून फ्रान्सनं या बाजूनं तपासणी पुन्हा सुरू केली आहे. त्या उन्हाळ्यात खालच्या त्याच खडकांवर, ज्यांचे मी सकाळी फोटो काढले होते, आफ्रिकेतून आलेली माणसं महिनोन्‌महिने बसून होती, पलीकडं सोडत नाहीत म्हणून. डोंगरातून एक पायवाट जाते, तिला तिथले लोक 'मृत्यूची वाट' म्हणतात. हे पोरगी सांगत असताना माझा पासपोर्ट पुन्हा हातात आला होता. सकाळच्यासारखा थाटानं नव्हे. एक कोवळा पोलीस वाकला, माझ्या नातवाच्या वयाचा शोभेल असा, अर्थात नातू अजून व्हायचा आहे. त्यानं गाडीची फ्रान्सचीच नंबरप्लेट पाहिली, मागची झोपलेली बाई पाहिली, माझ्या हातातला निळा पासपोर्ट पाहिला, उघडला नाही. हात केला, जा. रस्त्याच्या कडेला बुटक्या भिंतीवर तीन पोरं बसवली होती. वीस-बावीसची. पायांत चपला, फेब्रुवारीत. एकाच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, आणि तो ते कागद दोन्ही हातांनी अगदी सरळ धरून बसला होता. जसा मी सकाळी बसलो होतो. त्याचा रंग माझ्यापेक्षा फार वेगळा नव्हता. आमची गाडी पुढं गेली.

वरच्या रस्त्यानं परत आलो. ला तुर्बीपाशी संध्याकाळ झाली, खाली मोनॅकोचे दिवे लागले, समुद्र मोरचुदाचा राहिला नाही, काळाशार झाला. पोरगी विचारत होती, "बाबा, कसं वाटलं?" मी म्हटलं, "लय भारी." ते खोटं नव्हतं. लिंबू सौभाग्यवतीनं रात्री भातावर पिळलं.

दिवाळीनंतर यंदाचा आंबिया तुटला. व्यापाऱ्यानं बंगालच्या बाजूला जाणारा ट्रक आणला होता. कॅरेट भरेपर्यंत ड्रायव्हर धुऱ्यावर बिडी ओढत बसला. मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेलो आणि इतकी वर्षं कोणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. तिथं बॉर्डरवर असतं तरी काय?

"काय असते? लाइन असते," तो म्हणाला. मग जरा वेळानं आपणहून बोलत गेला. रस्त्याच्या कडेला गाडी लावून ट्रकखाली भात शिजवायचा. रात्री ताडपत्री एका बाजूनं वर करायची, माल घुसमटू नये म्हणून. तिसऱ्या दिवसापासून वास बदलतो, खालचं कॅरेट गेलं की तो नुसत्या वासावर सांगतो. फाटक त्यानं पाहिलं आहे, पण आपल्या गाडीचा नंबर लागेपर्यंत तिकडं पाहायचं सुचत नाही.

चहाचा कप जमिनीवर ठेवत त्यानं माझ्याकडं पाहिलं. "काका, तुमी तं फॉरेनले गेलते म्हनते. तिकडच्या बॉर्डरवर किती टाइम लागते?"

माय ओसरीवर होती, एवढ्या लांबून तिला ऐकू गेलं नसावं.

"लागला," मी म्हटलं. "दोन-तीन तास तं लागलेच."

त्यानं मान डोलावली. "लागतेच," म्हणाला, आणि उठून दोर आवळायला गेला.